कोडिंगच्या आधी कळफलक: सरकारी शाळांत संगणकाचे मूलभूत शिक्षण सक्तीचे का हवे?

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांची ओळख २०२६-२७ या शैक्षणिक वर्षात इयत्ता तिसरीपासून करून दिली जाईल, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना लिहिण्याची, शिफारस केली होती, आणि गोव्यात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी कोडिंग व रोबोटिक्सची ‘केअर्स’ ही सरकारी योजना राबवली जात आहे. ही नावे वर्तमानपत्रांत सतत येत असल्यामुळे गोव्याच्या सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मूल पाठवणाऱ्या पालकाचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. यंत्राला विचार करायला शिकवण्याच्या गोष्टी चालू असताना, मुलाला संगणकावर आपले नाव, गावाचा पत्ता आणि चार ओळींचा अर्ज लिहायला नेमके कोण शिकवणार, आणि कितव्या इयत्तेत, याचे स्पष्ट उत्तर त्याला मिळत नाही.

संगणकाच्या मूलभूत वापराचे आणि कळफलकावर (कीबोर्डवर) लिहिण्याचे शिक्षण प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत ठरलेल्या तासिकांसह सक्तीचे असावे, आणि ते रोमन व देवनागरी या दोन्ही लिप्यांत मिळावे, असे माझे ठाम मत आहे.

मूलभूत म्हणजे नेमके किती?

‘संगणक साक्षरता’ या नावाखाली अनेकदा मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. संगणकाच्या पिढ्या किती, सीपीयूचे पूर्ण रूप काय, अशा प्रश्नांची अचूक उत्तरे देणाऱ्या मुलाला काल लिहिलेला निबंध आज संगणकावर शोधता येत नाही, तेव्हा त्याला साक्षर म्हणणे कठीण आहे. मूलभूत शिक्षणाचा आवाका लहान आहे. संगणक नीट सुरू आणि बंद करता यावा, फाइलला अर्थपूर्ण नाव देऊन ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवता यावी आणि आठवड्यानंतर उघडता यावी, मजकूर लिहून त्यात दुरुस्त्या करता याव्यात, साध्या तक्त्यात आकडे भरून त्यांची बेरीज करून घेता यावी, ईमेलला फाइल जोडून पाठवता यावी, आणि पासवर्ड कोणालाही सांगायचा नसतो हे पक्के ठाऊक असावे. एवढे आठवीपर्यंत जमले तरी पुरेसे आहे.

यांतल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवरच बारावीनंतरची मुले अडतात. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना संकेतस्थळ म्हणते की फोटो अमुक केबीपेक्षा लहान हवा आणि दाखला पीडीएफ स्वरूपात हवा. गुणपत्रिकेचा फोटो फोनमध्ये असतो. पण तो लहान कसा करायचा, पीडीएफ कशी बनवायची आणि बनवलेली फाइल नेमकी कुठे गेली, हे माहीत नसते. मग मुलगा सायबर कॅफेत जातो, पैसे मोजतो, आणि आपला पासवर्डही तिथल्या माणसाला सांगून येतो. उत्पन्नाच्या दाखल्यापासून अनेक सेवा आता ‘गोवा ऑनलाइन’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. ती सोय ज्याला स्वतः वापरता येत नाही, त्याच्यासाठी सरकारी कचेरीतल्या खिडकीच्या जागी दुकानाची खिडकी आली, एवढाच फरक पडतो.

बोटांनी शिकायची गोष्ट

कळफलकाकडे न पाहता, दहाही बोटांनी, प्रत्येक कळीसाठी ठरलेलेच बोट वापरून लिहिण्याच्या पद्धतीला ‘टच टायपिंग’ म्हणतात. कोणताही साधा कळफलक घेऊन त्यावर बोट फिरवून पाहिले तर एफ आणि जे या दोन कळींवर बारीकसा उंचवटा लागतो. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवल्या की उरलेली बोटे आपोआप मधल्या ओळीवर येतात आणि तिथून वर-खाली जाऊन परत येतात. संपूर्ण पद्धतीचा पाया इतकाच आहे. बाकी सारा सराव.

गोव्यातल्या गावांत भजनाच्या वर्गाला बसलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पेटी शिकणारा मुलगा पहिले काही आठवडे पट्ट्यांकडे टक लावून पाहतो आणि तोवर त्याचे गाण्याकडे लक्षच नसते. बोटांना जागा कळल्या की नजर मोकळी होते आणि तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून साथ करू लागतो. लिहिण्याचेही असेच आहे. ‘क’ कुठे आहे हे शोधण्यात ज्याचे लक्ष खर्च होते, त्याचे वाक्य अर्ध्यावर तुटते. कळफलकाचे शिक्षण हवे ते प्रामुख्याने मनातला विचार सलग उतरवता यावा म्हणून. वेग त्यातून नंतर येतोच.

हे ज्ञान बोटांत राहते, यावर एक लक्षवेधी संशोधनही आहे. अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी सराईतपणे टाइप करणाऱ्या माणसांना कोरा कळफलक छापलेला कागद दिला आणि त्यावर अक्षरे भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी सुमारे १५ अक्षरेच त्यांना योग्य जागी भरता आली, जरी तीच माणसे एरवी बहुतेक अक्षरे बिनचूक गाठत होती. म्हणून कळफलकाचे चित्र काढून घेणे किंवा कळींची नावे विचारणे हा या विषयाचा अभ्यासही नव्हे आणि परीक्षाही नव्हे.

‘दोन-चार बोटांनीही माणसे भराभर लिहितात’

हा आक्षेप खरा आहे. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या पद्धतीने कमी बोटे वापरणारे काही जण रीतसर शिकलेल्यांइतक्याच वेगाने लिहितात असे आढळले. वेग ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: एका कळीसाठी नेहमी एकच बोट वापरणे, हात फार न हलवणे, आणि पुढच्या अक्षरासाठी बोट आधीच तयार ठेवणे. मात्र स्वतःहून शिकलेली माणसे पडद्याऐवजी हातांकडे बघण्यात जवळजवळ दुप्पट वेळ घालवत होती.

गोव्याच्या संदर्भात या अभ्यासातून मला दुसरीच गोष्ट दिसते. या लोकांनी स्वतःची पद्धत बसवली, कारण रोज हाताळायला त्यांच्याजवळ कळफलक होता. ज्या घरात संगणक आहे तिथले मूल चुकतमाकत का होईना, शिकेलच. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही वडील कामावर घेऊन जातात, तिथल्या मुलाला शाळेतली तासिका ही एकमेव संधी असते. ती मिळाली नाही तर दोन मुलांमधले अंतर दरवर्षी वाढते, आणि ते हुशारीतले अंतर नसते.

मराठी आणि कोकणी कशी लिहायची?

गोव्यातल्या चर्चेत हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतली कोकणी ही राज्याची राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापरालाही त्या कायद्यात स्थान मिळाले. सरकारी प्राथमिक शाळांतली बहुतेक मुले पहिलीपासून देवनागरीत लिहितात. तरीही संगणकासमोर बसल्यावर त्यांना बहुधा इंग्रजी अक्षरेच शिकवली जातात, आणि स्वतःच्या भाषेत लिहायची वेळ आली की ती रोमन अक्षरांच्या आडवाटेने जातात. एसएचएएलए असे लिहिले की यंत्र अंदाज करते, ‘शाला’ की ‘शाळा’ असे पर्याय पुढे ठेवते आणि मूल त्यातला एक निवडते. म्हणजे मराठीतला शब्द लिहिण्यासाठी आधी त्याचे इंग्रजी स्पेलिंग रचावे लागते, आणि ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, ल-ळ यांचा निर्णय यंत्रावर सोपवला जातो. शुद्धलेखन अजून पक्के व्हायचे आहे, त्या वयात ही सवय लागणे घातक आहे.

याला चांगला पर्याय कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. भारतीय लिप्यांसाठी शासनाने प्रमाणित केलेल्या कळफलकाच्या मांडणीला ‘इनस्क्रिप्ट’ म्हणतात. १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत ती आधीपासून असते आणि वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. तिची रचना बाराखडी शिकलेल्या मुलाला लगेच उमगते. स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर ‘क’ आहे तिथेच शिफ्ट दाबून ‘ख’ मिळतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘च’च्या कळीवर ‘छ’. पहिली वेलांटी आणि ‘इ’ एकाच कळीवर असतात.

‘डिचोली’ हा शब्द लिहून पाहू. उजव्या हाताने ‘ड’, डाव्याने वेलांटी, उजव्याने ‘च’, डाव्याने ‘ो’, उजव्याने ‘ल’, डाव्याने दीर्घ वेलांटी. सहा कळी, आणि दोन्ही हात आळीपाळीने चालले. प्रत्येक शब्दात इतका सुबक ताल जमत नाही, कारण ‘म’, ‘न’, ‘व’ ही अक्षरे डाव्या बाजूला आहेत. परंतु व्यंजनानंतर स्वर ही आपल्या भाषांची चाल असल्यामुळे हातांचे काम बरेचसे वाटले जाते. वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढली जात असली तरी इथे ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. जुन्या टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या माणसांना याची सवय व्हायला वेळ लागतो, मुलांना मात्र यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’, जो फोनवर लिहिताना अनेकांकडून चुकतो, त्यालाही ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह स्वतंत्र जागा आहे.

आणखी एक सोय अशी की भारतातल्या इतर प्रमुख लिप्यांसाठीही हीच मांडणी आहे. देवनागरीत ‘क’ जिथे आहे, तिथेच कन्नडमध्येही ‘क’ आहे. कारवार-बेळगावकडे नातीगोती असलेल्या गोव्यातल्या कुटुंबांना याचे मोल कळेल.

इथे ‘युनिकोड’ हा दुसरा शब्द समजून घ्यावा लागतो. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी ही पद्धत आहे. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेली मराठी दुसऱ्यावर, फोनवर किंवा संकेतस्थळावर तशीच दिसते आणि शोधताही येते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसतो. देवस्थानांची पत्रके, शाळांचे जुने अहवाल, नाट्यमंडळांच्या संहिता अशा गुंत्यात अडकलेल्या पुष्कळ ठिकाणी आढळतील. शाळेतून युनिकोड आणि इनस्क्रिप्ट घेऊन बाहेर पडलेली पिढी निदान यापुढचा मजकूर तरी असा वाया जाऊ देणार नाही.

‘मुलांना फोन येतोच की’

ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालाच्या २०२४ च्या आवृत्तीनुसार, १४ ते १६ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण पाहणीआधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. फोन हे मुख्यतः पाहण्याचे आणि निवडण्याचे साधन आहे. त्यावर अंगठ्याने दोन ओळींचा निरोप लिहिता येतो, दोन पानांचा प्रकल्प लिहून त्यातले परिच्छेद वर-खाली करता येत नाहीत, निदान सुखाने तरी नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांच्या संगणक-कौशल्याची आंतरराष्ट्रीय तुलना करणाऱ्या ‘आयसीआयएलएस’ या अभ्यासाचाही निष्कर्ष असाच आहे की उपकरणांच्या सहवासात वाढल्याने कौशल्य आपोआप येत नाही, ते शिकवावे लागते.

गोव्याला हा धडा नवा नाही. २००० च्या दशकात ‘सायबरेज’ योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक देण्याचे धाडस या लहानशा राज्याने केले, आणि त्या काळात ते खरोखर पुढचे पाऊल होते. मात्र यंत्र देणे ही एका दिवसाची गोष्ट असते आणि शिकवणे ही अनेक वर्षांची. ज्या वयात सवयी लागतात ते वय अकरावीच्या बरेच आधी येऊन जाते.

बोलून लिहिण्याची सोय झाल्यामुळे कळफलकाची गरज उरणार नाही, असेही म्हटले जाते. ती सोय उत्तम आहे, विशेषतः ज्यांना हात वापरता येत नाहीत त्यांच्यासाठी. पण चाळीस मुलांच्या वर्गात सगळी एकाच वेळी यंत्राशी बोलू शकत नाहीत, परीक्षा केंद्रात तर नाहीच नाही, आणि बोललेल्या मजकुरातल्या चुका शेवटी कळफलकावरच दुरुस्त कराव्या लागतात.

हस्ताक्षराचे काय?

ही चिंता मी गांभीर्याने घेतो. अक्षरे गिरवल्याने लहान मुलांना ती ओळखायला आणि लक्षात ठेवायला मदत होते. २०२३ मध्ये स्वीडनच्या सरकारने बालवाड्यांतली डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचे ठरवले, आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञानाच्या सरसकट वापराबद्दल सावध केले. म्हणून पहिली-दुसरीत कळफलक नकोच. पाटी, पेन्सिल आणि दुरेघी वहीला तेव्हा पर्याय नाही. वळणदार अक्षर बसल्यावर, म्हणजे चौथी-पाचवीच्या सुमारास, हाताचा पंजाही पुरेसा मोठा झालेला असतो; सुरुवात तेव्हा करावी आणि वहीतले लेखन चालूच ठेवावे.

तासिका आणि यंत्रे आणायची कुठून?

वेळापत्रक भरलेले असते, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. पण या विषयाला वेळ थोडाच लागतो; तो वारंवार मिळावा लागतो. ब्रिटनच्या टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवताना केलेला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की दिवसाला एकच तास सराव करणारे, दिवसाला चार तास बसणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तासांत शिकले. त्यामुळे शनिवारी दोन तास मुलांना प्रयोगशाळेत कोंबण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटे द्यावीत. त्या वेळी मुलांनी मराठीचा उतारा, विज्ञानाच्या प्रयोगाची नोंद किंवा भूगोलाची उत्तरेच टाइप करावीत. म्हणजे दुसऱ्या विषयाचा वेळ वायाही जात नाही.

यंत्रांची अडचण खरी आहे, विशेषतः एकशिक्षकी प्राथमिक शाळांत. तरी या शिक्षणाला इंटरनेट लागत नाही आणि नवे महागडे संगणकही लागत नाहीत. कचेऱ्यांतून बाद झालेल्या यंत्रांवर लिनक्स आणि ‘केटच’सारखी सरावाची मोफत प्रणाली नीट चालते. साधा कळफलक काही शे रुपयांत मिळतो आणि ओटीजी नावाच्या छोट्या जोडणीने तो टॅब्लेटला किंवा फोनलाही लावता येतो. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर बंद खोलीत पडून राहिलेल्या यंत्रांना ओल लागते, कळींखाली मुंग्या घर करतात आणि वीज येता-जाता जुने संगणक दगावतात. त्यामुळे योजनेत खरेदीइतकाच पैसा यूपीएस (वीज गेल्यावर संगणक काही वेळ चालू ठेवणारे यंत्र), वायुवीजन आणि तालुक्याला एक फिरता तंत्रज्ञ यांसाठी ठेवायला हवा. रोज वापरले जाणारे यंत्र पावसाळ्यात अधिक टिकते, हेही व्यवस्थापनांनी ध्यानात घ्यावे.

सक्ती मुलांवर की सरकारवर?

‘सक्ती’ म्हटले की मुलाच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे डोळ्यांपुढे येते. वास्तविक, ऐच्छिक विषय शिकवला नाही तरी कोणालाच जाब द्यावा लागत नाही. तासिका गणिताच्या उजळणीला दिली जाते, शिक्षकाची जागा रिकामी राहते, प्रयोगशाळेला कुलूप लागते. विषय सक्तीचा झाला की शिक्षक नेमणे, यंत्रे चालू ठेवणे आणि वेळ राखणे हे शासनाचे कर्तव्य बनते. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून पुढे माहिती तंत्रज्ञान दहावीच्या परीक्षेपर्यंत नेले, त्यासाठी शिक्षकांचे मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण केले आणि मुक्त प्रणाली वापरून खर्च आटोक्यात ठेवला. गोवा त्याहून कितीतरी लहान आहे. बारा तालुक्यांत हे करणे आवाक्याबाहेरचे नाही.

शिवाय सरकार स्वतः हे कौशल्य मागतेच. गोवा सरकारच्या कनिष्ठ कारकुनाच्या जाहिरातीत संगणकाचे ज्ञान आणि इंग्रजीत मिनिटाला ३० शब्दांचा टंकलेखन वेग ही अट असते. पाच कळींचा एक शब्द मोजण्याच्या रूढ पद्धतीने हे मिनिटाला १५० ठोके होतात. राज्य कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा संगणकावर होतात. अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन परीक्षाही तशीच होते. जी गोष्ट नोकरीच्या दारात तपासली जाते ती शाळेत शिकवायची नाही, आणि बारावीनंतर खासगी क्लासची फी भरून शिकायला लावायची, हा गरीब घरांवरचा अन्याय आहे.

परीक्षा मात्र लेखी नको. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी २०१० पासून स्वीकारलेल्या ‘कॉमन कोर’ अभ्यासक्रमात चौथीच्या मुलाने एका बैठकीत किमान एक पान, पाचवीत दोन आणि सहावीत तीन पाने टाइप करावीत अशी अपेक्षा लिहिलेली आहे. मोजमाप इतके सोपे असू शकते. आपल्याकडे सातवीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने अर्धे पान मराठीत किंवा कोकणीत आणि अर्धे इंग्रजीत, स्वतःच्या मनाने, कळींकडे न पाहता लिहावे, फाइलला स्वतःचे नाव देऊन योग्य फोल्डरमध्ये ठेवावी, आणि शाळेने त्या पानांच्या प्रती पालक-शिक्षक संघाच्या सभेत पालकांच्या हातात द्याव्यात.